हळदीला विचारा!

मिसळणाचा डबा उघडा बघू. मोहरी, जिरं, मेथ्या, तिखट आणि ती पिवळीधमक हळद. आज आपल्याला हळदच हवी आहे. घरातल्या मोठ्या माणसाला सांगून घ्या, कारण आजच्या उद्योगात ओटा, हात आणि अंगातला सदरा असं सगळंच पिवळं होणार आहे. जुने कपडे घालूनच या.

तुमच्यापैकी बरेच जण शाळेत जात असतील, काही जण घरीच आईबाबांकडे शिकत असतील, कोणाला नुकती सुट्टी लागली असेल. हा उद्योग सगळ्यांसाठी आहे. पाच वर्षांच्या छोट्यालाही जमतो आणि दहा वर्षांच्या ताईलाही पुरून उरतो.

आधी एक कोडं. जेवताना पांढऱ्या शर्टावर आमटी सांडते. डाग पडतो पिवळा. शर्ट मोरीत जातो, त्यावर साबण घासला जातो आणि डाग होतो लालभडक! जरा घाबरायलाच होतं. मग भरपूर पाण्यात खळबळला की तो डाग पुन्हा पिवळा. शर्ट दिवसभर उन्हात वाळला की संध्याकाळी डाग फिका, कधी कधी तर शोधूनही सापडत नाही. एकाच डागाच्या या तीन तऱ्हा घरोघरी दिसतात. मोठी माणसं म्हणतात, ‘‘हळद आहे ना, मग असंच होणार.’’ आपल्याला एवढ्यावर थांबायचं नाहीये. असंच का होतं, ते हळदीलाच विचारू.

विचारायचं कसं? कागदावर.

एका वाटीत दोन चमचे हळद आणि चार-पाच चमचे पाणी घालून कालवा. चित्रकलेच्या वहीतला जाडसर कोरा कागद घ्या आणि जुन्या ब्रशनं किंवा कापसाच्या बोळ्यानं त्यावर हे पिवळं कालवण सगळीकडे सारखं फासा. कागद सावलीत वाळू द्या. सावलीतच हं, ऊन का नको ते पुढे कळेल. वाळला की वरची सुटी पूड झटका आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. धाकट्या भावंडांना फासायला द्या, कात्री मोठ्यांनी धरा.

कागद वाळेपर्यंत वाटीत डोकावून बघा. हळद खाली बसलीय आणि वर पिवळट पाणी राहिलंय. मीठ किंवा साखर पाण्यात दिसेनाशी होते, तशी हळद झाली नाही. आता दुसऱ्या वाटीत चमचाभर गोडंतेल घ्या, त्यात चिमूटभर हळद टाका, ढवळा आणि थोडा वेळ ठेवून द्या. वरचं तेल कसं स्वच्छ पिवळं झालं! हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळतो. म्हणून तर फोडणीच्या तेलात घातलेली हळद सगळ्या भाजीला रंगवते. आणि म्हणूनच आमटीचा डाग नुसत्या पाण्यानं हलत नाही.

पट्ट्या वाळल्या? आता घरभर फिरा आणि छोट्या छोट्या वाट्यांमध्ये थोडंथोडं गोळा करा. लिंबाचा रस, ताक, चिंचेचा कोळ, दूध, मिठाचं पाणी, साखरेचं पाणी, खायच्या सोड्याचं पाणी, कपडे धुण्याच्या वडीचं पाणी, अंगाच्या साबणाचं पाणी, टूथपेस्ट कालवलेलं पाणी. गावाकडे चूल असेल तर राख पाण्यात ढवळून वरचं निवळ पाणी घ्या. पानाच्या डब्यातला चुना मात्र मुलांनी घ्यायचा नाही. डोळ्यात गेला तर तो फार वाईट इजा करतो. चुना हवाच असेल तर मोठ्यांनी त्याची निवळी करायची, त्यांनीच थेंब टाकायचा आणि तुम्ही लांबून बघायचं. धुण्याच्या सोड्यालाही हात लावू नका, तोही मोठ्यांकडेच राहू द्या.

आगपेटीच्या काडीच्या साध्या टोकाला कापूस गुंडाळा, वाटीत बुडवा आणि पट्टीवर टेकवा. दर वेळी नवी काडी घ्या, नाहीतर लिंबू ताकात जाईल आणि ताक साबणात. पण काडी टेकवायच्या आधी मोठ्यानं सांगायचं, ‘‘मला वाटतं, आता असं होईल.’’ आणि ते वहीत लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्यानं रंगीत खडूनं ठिपका काढायचा. मला या सगळ्यात अंदाजाचा भाग फार आवडतो. आधी अंदाज केला की आपण नुसतं बघत नाही, टक लावून बघतो. अंदाज चुकला तर आणखीच मजा, कारण तिथे काहीतरी नवं दडलेलं असतं.

बहुतेक घरांत काय दिसेल सांगू? लिंबू, ताक, चिंच, दूध, मीठ, साखर यांनी पट्टी ओली होते, पिवळीच राहते. खायच्या सोड्यानं जरा नारिंगी-तांबूस होते. धुण्याच्या वडीनं झकास लाल. राखेच्या पाण्यानंही लाल. आजीच्या लहानपणी भांडी राखेनं घासायचे, ते उगीच नाही. राखेतली जी गोष्ट हळदीला लाल करते, तीच भांड्यांचा तेलकटपणा काढायला मदत करते.

आता एक गंमत करा. रिठ्याची टरफलं पाण्यात भिजवून चोळा. भरपूर फेस येतो. हा फेस पट्टीला लावा. शिकेकाईचं पाणीही लावून बघा. फेस येतो, मळ निघतो, म्हणजे साबणाचाच भाऊ असणार आणि पट्टी लाल होणार, असं वाटतं ना? नाही होत! पट्टी पिवळीच. बाजारातले काही द्रवरूप साबणही असेच असतात, फेस उदंड पण हळदीवर परिणाम नाही. म्हणजे हळद फेसाला ओळखत नाही, आणखी कशाला तरी ओळखते.

ती ओळखते आम्लारी पदार्थांना. जगातल्या कितीतरी पदार्थांचे असे दोन गट पाडता येतात. लिंबू, चिंच, ताक, आवळा ही आंबट मंडळी म्हणजे आम्लं. सोडा, चुना, राखेचं पाणी, कपड्यांचा साबण ही बुळबुळीत मंडळी म्हणजे आम्लारी. शुद्ध पाणी दोघांच्या मधोमध. कोण किती आम्ल आणि कोण किती आम्लारी, हे आकड्यात सांगायची युक्ती सोरेन्सन नावाच्या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञानं १९०९ साली काढली. त्या आकड्याला मराठीत ‘सामू’ म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. ७ च्या वर गेलं की आम्लारी. हळदीची पट्टी साधारण ८ च्या पुढे लाल व्हायला लागते. रिठा आणि शिकेकाई ७ च्या खालच्या बाजूला आहेत, म्हणून कितीही फेस केला तरी हळद ढिम्म!

पण रंगच का बदलावा? हळदीत ‘कर्क्युमिन’ नावाचा पदार्थ असतो. शंभर ग्रॅम हळदीत तो जेमतेम दोन ते पाच ग्रॅम असतो, बाकी बरीचशी पिष्टमय पूडच. फोगेल आणि पेलेतिए या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १८१५ साली हा पिवळा भाग हळदीतून वेगळा काढला. उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात, हे तुम्हाला इंद्रधनुष्यावरून माहीत आहेच. कर्क्युमिन त्यातला जांभळा आणि निळा उजेड गिळून टाकतं आणि बाकीचा परत पाठवतं. तो उरलेला उजेड आपल्याला पिवळा दिसतो. आता आला साबण. साबणातला आम्लारी भाग कर्क्युमिनच्या रेणूकडून हायड्रोजनचा एक अगदी चिमुकला कण काढून घेतो. तेवढ्यानं त्या रेणूची भूक बदलते! तो निळ्याच्या जोडीला हिरवा उजेडही गिळायला लागतो. मग परत येणाऱ्या उजेडात उरतो मुख्यतः लाल.

आणि त्या लाल ठिपक्यावर लिंबाचा थेंब टाकला तर? टाकून बघा. थेंब पडला रे पडला की ठिपका पिवळा! लिंबातलं आम्ल तो हिरावलेला कण परत देतं. शर्टाच्या डागाचंही असंच. भरपूर पाण्यानं साबण वाहून गेला की लालपणा ओसरतो. मला हे दरवेळी नवल वाटायला लावतं. डोळ्यांना न दिसणारा इतका बारीक कण इकडून तिकडे गेला, आणि आपल्याला ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं.

या मागे-पुढे होण्यातून एक सुंदर खेळ तयार होतो. एका वाटीत खायच्या सोड्याचं पाणी घ्या, त्यात चिमूटभर हळद ढवळा. पाणी तांबूस होईल. आता ड्रॉपरनं लिंबाचा रस एकेक थेंब टाका, ढवळा आणि मोजा. फसफस होईल, होऊ द्या. कितव्या थेंबाला पाणी पिवळं झालं? मग अगदी तेवढाच सोडा, तेवढंच पाणी, तेवढीच हळद दुसऱ्या वाटीत घ्या आणि चिंचेचा कोळ टाका. तिसऱ्या वाटीत ताक. ज्याचे थेंब कमी लागले, त्यात आम्ल जास्त. जिभेला विचारलं तर भांडणं होतील, ‘‘माझं लिंबू जास्त आंबट’’ म्हणून. थेंब मोजले की निकाल लागतो. मोठ्या प्रयोगशाळांत पांढरे कोट घातलेली माणसं काचेच्या नळ्या लावून हेच करतात, त्याला अनुमापन म्हणतात. तुम्ही ते ओट्यावर केलंत. फक्त एक पथ्य पाळायचं. दर वेळी चमचा तोच, वाटी तशीच, सोडा तेवढाच. एकीकडे सपाट चमचा आणि दुसरीकडे शिगोशीग भरलेला असं झालं तर ती शर्यत लबाडीची.

हळदीचं हे गुपित आपल्याकडच्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. कुंकू आठवा. पारंपरिक पद्धतीनं कुंकू करतात ते हळदीपासूनच, आणि तिला लाल करायला लागतो चुना किंवा तशाच गुणाचा दुसरा पदार्थ. सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. पंढरपूरला गेलात तर देवळाभोवतीच्या दुकानांत कुंकवाचे उंचच उंच ढीग दिसतात. आता बाजारात नुसत्या कृत्रिम रंगाचं कुंकूही पुष्कळ मिळतं. तुमच्या घरचं कुठलं आहे? चिमूटभर कुंकू पाण्यात घालून त्यावर लिंबू पिळा. हळदीचं असेल तर ते काय करेल, हे आता तुम्हीच सांगू शकता. मुका मार लागला की आजी हळद-चुन्याचा लेप लावायची, तोही लालच का असायचा, हेही एव्हाना कळलं असेल.

मात्र हळद अर्धीच गोष्ट सांगते. नीट आठवा, लिंबाला ती पिवळी आणि साध्या पाण्यालाही पिवळीच. आम्ल आणि पाणी यांतला फरक तिला सांगता येत नाही. म्हणून दुसऱ्या कोणाला तरी विचारायला हवं. अंगणात जा किंवा गॅलरीतल्या कुंडीपाशी. गोकर्णाची निळी फुलं असतील तर चार-पाच घ्या, लाल जास्वंद असेल तर एक-दोन. झाडाखाली गळून पडलेली चालतील. मोठ्यांकडून गरम पाणी घेऊन पाकळ्या त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. गोकर्णाचं पाणी निळं होतं. त्यात लिंबू पिळा, ते जांभळं आणि मग गुलाबी होतं. दुसऱ्या वाटीत सोडा घाला, तिथे ते हिरवट व्हायला लागतं. जास्वंदाचं पाणी लिंबानं टवटवीत गुलाबी-लाल होतं आणि सोड्यानं हिरवं. लाल फुलातून हिरवा रंग! रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं रंगांवर एक पुस्तक लिहिलं, ते १६६४ साली लंडनमध्ये छापलं गेलं. त्यात त्यानं व्हायोलेट फुलांच्या सरबताचा असाच खेळ लिहून ठेवला आहे. आम्लानं ते लाल आणि आम्लारीनं हिरवं. त्याच्याकडे व्हायोलेट होती, आपल्याकडे जास्वंद आहे.

शाळेतला लिटमसचा कागद मोठ्या भावंडांनी पाहिला असेल. त्याचा रंग लायकेनपासून काढतात. लायकेन म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र थाटलेला संसार, दगडांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारा. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही एक लायकेनच! लिटमसचं लायकेन वेगळ्या जातीचं, पण नातलग आपल्या मसाल्याच्या बरणीत आहेत.

फुलं, बिया, पानं घेऊन शिकण्याची गोष्ट निघाली की मला ताराबाई मोडक आठवतात. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे दोघींचं काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. परदेशी पद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग दगड, शिंपले, पानं, फुलं, बिया हीच साधनं झाली. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या पाड्यात, त्यांच्या अंगणात भरू लागली. ती अंगणवाडी. जी मुलं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरली, तिचं नाव कुरणशाळा. आज घरी मुलांना शिकवणारे आईबाबा हे वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगेन, चकचकीत खोक्यातला महागडा संच आणण्याआधी मिसळणाचा डबा मुलांच्या हाती द्या. आणि उत्तर सांगायची घाई करू नका. पट्टी लाल झाल्यावर मूल ‘‘का?’’ म्हणून विचारतं तेव्हा ‘‘तुला काय वाटतं?’’ असं म्हणून जरा थांबा. त्या थांबण्यात फार मौल्यवान काहीतरी घडतं.

बरं, शर्टाच्या डागाची तिसरी तऱ्हा राहिलीच की! उन्हात तो फिका का होतो?

कर्क्युमिन उजेड गिळतं हे आपण पाहिलं. पण ऊन भरपूर आणि सतत मिळालं की ते स्वतःच मोडायला लागतं. त्याचे तुकडे होतात आणि तुकड्यांना तो पिवळा रंग राहत नाही. लिंबानं लाल रंग परत पिवळा झाला, तसं हे मोडलेलं कर्क्युमिन पुन्हा जुळत नाही. म्हणून तर कागद सावलीत वाळवायला सांगितला होता.

या मोडण्यातून चित्र काढता येतं, ब्रशशिवाय. हळदीचा एक अख्खा कागद घ्या. त्यावर पिंपळाचं किंवा नेच्याचं पान ठेवा, किंवा पुठ्ठ्यातून कापलेलं मांजर ठेवा. पान सरकू नये म्हणून वर काच ठेवून मोठ्यांकडून चिमट्यांनी घट्ट बसवून घ्या आणि कडक उन्हात ठेवून द्या. वैशाखातलं ऊन असेल तर काही तासांत काम होतं, ढगाळ दिवसांत फार वेळ लागतो. पान उचललं की खाली पानाच्या आकाराची पिवळी जागा आणि भोवती उडालेला रंग! इंग्लंडमधले खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली फुलांच्या आणि पानांच्या रसांवर असेच प्रयोग केले होते. रस फासलेल्या कागदांवर उन्हानं चित्रं उमटवण्याची धडपड चालली होती त्यांची. तेव्हा छायाचित्रणाची कला अगदी बाल्यावस्थेत होती आणि रंग टिकवायचा कसा, हा सगळ्यांपुढचा मोठा प्रश्न होता.

आता या चित्रावर आपली आधीची युक्ती वापरा. मऊ ब्रशनं खायच्या सोड्याचं पाणी हलक्या हातानं फिरवा. जिथे हळद शाबूत आहे तिथला भाग तांबूस होतो, उन्हानं खाल्लेला भाग तसा होत नाही. पान एकदम उठून दिसतं. हे चित्र भिंतीवर लावाल तर खिडकीपासून लांब लावा. ऊन अजून त्याच्या मागे आहेच.

किती वेळ ऊन द्यायचं, ते तुमच्या गावावर, ऋतूवर आणि हळदीच्या थरावर अवलंबून आहे. म्हणून आधी एक लांब पट्टी घ्या, ती पुठ्ठ्यानं झाका आणि दर तासाला पुठ्ठा बोटभर मागे सरकवा. संध्याकाळी त्या पट्टीवर फिक्या-गडद पायऱ्या दिसतील आणि तुमच्या अंगणातल्या उन्हाचं माप तुम्हाला मिळेल.

एक शोध मी तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. दोन पट्ट्या घ्या. एक साधी पिवळी. दुसरी सोड्याच्या पाण्यानं लाल करून वाळवलेली. दोन्ही शेजारी शेजारी, अर्ध्या झाकून, एकाच उन्हात ठेवा. आधी कोण फिकी पडेल, पिवळी की लाल? मग झेंडूच्या पाकळ्या चोळून पिवळी केलेली तिसरी पट्टी त्यांच्या शेजारी लावा, आणि तिच्यावर साबणाचं पाणी टाकून बघायलाही विसरू नका. तीही पिवळीच दिसते, पण हळदीसारखी वागते का?